व्हरांड्यातून ऐकलेली शाळा

परत आल्यापासून जो तो एकच विचारतोय, "काय गं विमल, कोकणातनं काय आणलंस?" काजू आणले, आमसुलं आणली, कुळथाचं पीठ आणलं. आणि डोक्यात राग घेऊन आले, तो काही अजून उतरत नाही. शेजारच्या मालूताईंना आमसुलं देताना सगळी हकिगत सांगून झाली, भाचीला फोनवर सांगून झाली, तरी समाधान होईना, म्हणून शेवटी लिहायला बसले. मी काही लेखिका नाही. माझा जन्म कऱ्हाडला एसटीच्या बुकिंगच्या खिडकीआड गेला. तिथं मला एक खोड लागली. रांगेत कुणी गरीब माणसाला मागं ढकललं, की खिडकीतनं ओरडून त्याला पुढं बोलवायचं. निवृत्त झाले तरी ती खोड गेली नाही, आणि हे सगळं रामायण त्यातूनच घडलं.

गुरुवार: घाटाखाली

सुनंदा आणि मी बुकिंगला शेजारी शेजारी बसायचो. एका डब्यात जेवलो, एकमेकींच्या साड्या नेसलो. निवृत्तीनंतर ती नवऱ्याच्या गावी, संगमेश्वर तालुक्यात राहायला गेली. "ये गं, ये गं" करून तिनं माझा जीव खाल्ला होता, तेव्हा एकदाची निघाले. बरोबर गुळाची ढेप, शेंगदाण्याची चटणी आणि खपली गहू. मलकापूर गेलं, आंबा घाट सुरू झाला, आणि एका वळणावर चटणीच्या डब्याचं झाकण उडालं. माझ्या पुढच्या सीटवर पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ डुलक्या घेत होते. त्यांच्या पाठीचं काय झालं ते विचारू नका. साखरप्याला उतरताना ते एवढंच म्हणाले, "चटणीला वास बाकी झकास आहे हो." माणूस चांगला होता, नाहीतर मी मेलेच होते.

देवरुखला सुनंदाचे यजमान गाडी घेऊन आले होते. त्यांना सगळा गाव भाऊ म्हणतो, मीही भाऊच म्हणते. मुंबईत नोकरी केली, परत येऊन वडिलांच्या जमिनीत आंबा-काजूची बाग लावली, आता गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहेत. बोलायला गोड, खायला घालायला हौशी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्याशी कचाकचा भांडले आहे आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की माणूस वाईट होता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं हो.

घर चिऱ्यांचं. चिरे म्हणजे जांभ्या दगडाच्या कापलेल्या मोठ्या विटा; इकडं घरं, कुंपणाचे गडगे, विहिरी सगळं त्याचंच. पडवीत पितळी कड्यांचा भलामोठा झोपाळा. आमच्याकडं पाळण्यातलं पोर सोडलं तर कुणी झोके घेत नाही. इथं मात्र साठीचा गडी सकाळचा चहा झोक्यावर पितो, पेपर झोक्यावर वाचतो, आणि दुपारी झोक्यावरच लवंडतो. मीही ऐटीत बसायला गेले. झोका मागं सरकला, मी पुढं गेले, कपातला चहा सुनंदाच्या अंगावर. "कऱ्हाडची पाटलीण पडली," म्हणून भाऊ डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसले. रात्री तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. सोलकढीची तीन भांडी प्यायले आणि निवांत झोपले. ती शेवटची निवांत झोप.

शुक्रवार: शाळा बघायला

सकाळी घावणे खाल्ले, नारळाच्या रसात बुडवून. मग भाऊ म्हणाले, "चला ताई, आमची शाळा दाखवतो." आवाजात कौतुक होतं. वाटेवर दोन्हीकडं आंब्याला मोहोर आलेला, मधमाश्यांचा नुसता गुणगुणाट. शाळेला चिऱ्यांचं नवंकोरं प्रवेशद्वार, त्यावर देणगीदाराचं नाव. देणगीदार म्हणजे वरच्या सड्यावरच्या चिरेखाणीचे मालक. सडा म्हणजे डोंगरावरचं उघडं कातळाचं पठार. भिंतींवर वाघ, मोर, पाढे, फळं. सुंदर शाळेच्या स्पर्धेत उतरलेत, पुढच्या आठवड्यात तपासणीची समिती येणार, म्हणून हा साज.

भाऊंनी सगळी कथा सांगितली. गावातली पोरं व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेत जायला लागली, इथला पट उतरत गेला, शाळा बंद करून दुसऱ्या गावच्या शाळेत घालायच्या गोष्टी सुरू झाल्या. तेव्हा भाऊ स्वतः खाणीवर गेले. तिथं विजापूरकडची कुटुंबं दिवाळीनंतर येतात आणि पावसाच्या आधी परत जातात. पोरं दिवसभर धुळीत खेळायची. भाऊंनी आईबापांना हात जोडले, "पोरांना आमच्या शाळेत घाला." त्यांनी घातली. आता पटावर अर्ध्याहून जास्त पोरं खाणीवरची आहेत आणि त्यांच्या जोरावर शाळा उभी आहे. मला खरंच भरून आलं. मी म्हटलं, "भाऊ, मोठं काम केलंत." माझे शब्द मीच आता गिळायला पाहिजेत, पण त्या वेळी मनापासून म्हटले होते.

एवढ्यात माझं लक्ष व्हरांड्याकडं गेलं. पाचवीच्या वर्गाच्या खिडकीखाली एक पोरगी उभी होती. गणवेश अंगावर, वेण्या घट्ट, कडेवर वर्ष-दीड वर्षाचं पोर. ती गजांना नाक लावून आत बघत होती आणि आतली पोरं जे म्हणतील ते पुटपुटत होती.

"ही कोण हो?"

"ती रेणुका. खाणीवरची. पाचवीत आहे."

"पाचवीत आहे तर बाहेर का?"

"धाकटा भाऊ आहे ना कडेवर तिच्या. वर्गात रडतो. पालकांची तक्रार आली."

तेवढ्यात ते पोर खरंच रडायला लागलं. रेणुका वळली, व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली आणि पार पटांगणाच्या टोकाला, एका जुन्या आंब्याखाली गेली. तिथं त्याला थोपटत येरझारा घालायला लागली. आत गुरुजी शिकवतच होते. पोर शांत झाल्यावर ती परत खिडकीशी आली, परत गजांना नाक लावलं. किती वेळा हे चालत असेल हो दिवसातनं?

मधल्या सुट्टीत गुरुजी भेटले. बीडकडचा कोवळा मुलगा, घर सोडून इतक्या लांब नोकरीला आलेला. मी सरळ विचारलं. तो हळूच म्हणाला, "मॅडम, मी आधी वर्गातच झोळी बांधून दिली होती, आढ्याला. पोरगं झोपायचं त्यात. रडलं तर मी शिकवता शिकवता झोका द्यायचो. काही अडत नव्हतं. मग ठराव झाला, वर्गात झोळी नको."

"कुणाचा ठराव?"

तो भाऊंकडं बघायला लागला. भाऊ मोराच्या चित्राकडं.

शेजारच्याच खोलीत अंगणवाडी. मी तिथंही गेले. ताई बिचारी नम्रपणे म्हणाली, "तीन वर्षांचा झाला की घेऊ हो. त्याच्या आतलं मूल बसवून घ्यायला परवानगी नाही." म्हणजे पोर तीन वर्षांचं होईतो रेणुका सातवीत जाणार, आणि तोवर ती खिडकीखाली. सरकारनं पोराच्या जेवणाचा विचार केला, बसण्याचा केला, वजन करायचा केला. ज्या बहिणीच्या कमरेवर ते पोर दिवसभर असतं, तिचा विचार करायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

शुक्रवारचं जेवण

ओल्या काजूची उसळ होती. मोसमातली पहिली. अशी उसळ पुढ्यात असताना भांडू नये हे मलाही कळतं. पण मी विचारलंच.

"भाऊ, झोळी का काढली?"

सुनंदानं माझ्या पानात उसळ वाढली. "खा गं आधी."

"खाते. भाऊ, का काढली?"

"ताई, समिती येणार आहे. फोटो काढतात. वर्गात आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी लोंबते हे कसं दिसेल? शाळा आहे की पाळणाघर, असं विचारतील."

"तुमच्या पडवीत झोपाळा लोंबतोय, तो दिसतो ना छान?"

"विमल!" सुनंदा म्हणाली आणि आणखी उसळ वाढली.

"पटासाठी पोरगी पाहिजे होती तेव्हा खाणीपर्यंत चालत गेलात," मी म्हटलं. "हात जोडलेत. तेव्हा तिच्या कडेवर पोर नव्हतं का? पट भरायला ती चालते, आणि पट भरला की तिनं बाहेर उभं राहायचं?"

भाऊंचा चेहरा पडला, पण आवाज चढला नाही. "ताई, तुम्ही चार दिवसांच्या पाहुण्या. गावात चार लोकांचं ऐकून चालावं लागतं. गावातली जी थोडी पोरं उरलीत, त्यांच्या आयाच म्हणतात, आमच्या पोरांचं लक्ष लागत नाही. तीही गेली तर?"

"पाहुणी आहे म्हणून तरी बोलतेय. गावात राहिले असते तर तुम्ही मलाही व्हरांड्यात बसवली असती."

भाऊ हात धुवायला उठले. सुनंदा माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझं तोंड खिडकीआडच बरं होतं." मी आणखी बोलले असते तर दुसऱ्या दिवशीची एसटी धरावी लागली असती.

शनिवार: सड्यावर

शनिवारी सकाळची शाळा. सुटल्यावर मी रेणुकाबरोबर खाणीवर गेले. म्हटलं, बघू तर कुठनं येते ही. चढ चांगलाच होता. पोर तिच्याकडनं घ्यायला गेले तर ते माझ्या चष्म्याला लोंबकळलं. त्याचं नाव मल्लू. पावलोपावली मी धापा टाकत होते आणि ती पोरगी मात्र त्याला घेऊन सपासप चालत होती, वर मला सांगत होती, "मावशी, इथं दगड सुटा आहे, बघून." तिचं मराठी अगदी गावासारखं, हेल काढून बोलणारं. मध्येच मल्लूला कानडीत दटावायची.

"काल काय शिकवलं गं?" मी विचारलं.

"अपूर्णांक. अर्धा, पाव येतं मला. पाऊण कसं काढायचं ते सांगत होते तेव्हा हा रडला." तिनं मल्लूचा गालगुच्चा घेतला. "पोरी नंतर सांगतात, पण त्यांना पण नीट येत नाही."

सड्यावर झाड म्हणून नाही. कातळ खोल कापत नेलेला, खाली यंत्राची करवत फिरतेय, आणि लाल धूळ इतकी, की माणसं कमरेपर्यंत लाल. कापलेले चिरे उचलून ट्रकमध्ये भरायचं काम बायकांचंही. राहायला झोपड्या: फुटक्या चिऱ्यांच्या, नुसत्या एकावर एक रचलेल्या, वर निळं प्लास्टिक. पाणी टँकरचं. सगळ्या तालुक्याची घरं ज्या दगडानं उभी राहतात, तो काढणाऱ्यांना त्यातला धड एक चिरा मिळू नये? संताप संताप झाला. पाळणाघराचं नाव काढलं तर तिथला मुकादम माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागला, जणू मी विमानतळ मागितला.

रेणुकाची आई शांतव्वा जेवायच्या सुट्टीला आली. तिनं हात धुतले आणि माझ्यापुढं काय ठेवावं? ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी! आठवणीनं माझे डोळे भरतात. घाट उतरल्यापासून तांदूळच तांदूळ खाल्लेला. इथं चिऱ्याच्या धुळीत मला माझ्या घरची भाकरी मिळाली. आम्ही दोघी एकाच मातीच्या, फक्त माझी भाषा वेगळी.

जेवता जेवता ती म्हणाली, "बाई, शाळा चांगली हाय. गुरुजी चांगले. पण पोरगी भायेर बसती. भायेर बसायला शाळा कशाला? सोमवारपासनं घरीच ऱ्हाऊ दे. भाकरी तरी थापंल."

मी रेणुकाकडं बघितलं. ती मल्लूला भरवत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, समिती गेली की आत घेतील."

"कोण बोललं?"

"कुणी नाही. मला वाटतं."

मग तिनं मला विचारलं, "घेतील ना मावशी?" मी भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला. ही पोरगी याआधी दोन गावांत दोनदा शाळेत बसली आणि दोनदा सुटली, आता सुटली तर परत बसायची नाही, हे तिच्या आईलाही कळत होतं आणि मलाही. शांतव्वावर मी रागावू कशी? ती मल्लूला पाठीशी बांधून चिरे उचलणार का? खाली उतरताना मी मोठ्यानं एकटीच बडबडत होते. वाटेत भेटलेल्या एका म्हातारबाबांनी वाट सोडून मला जागा दिली.

रविवार: खाडीपलीकडे

गुहागरला जायचं आधीपासून ठरलं होतं. तिथं भाऊंची थोरली बहीण राहते, आक्का. भाऊ माझ्याशी मोजकंच बोलत होते, तरी गाडी काढली. जयगडला फेरीबोटीत गाडीसकट चढलो. पाण्यावर तरंगणाऱ्या गाडीत बसायची माझी ही पहिलीच खेप. मी दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते, आणि माझ्या शेजारी एक बाई निवांत कोळंबी निवडत होती. सुनंदा म्हणाली, "एसटीत आयुष्य काढलंस आणि होडीला घाबरतेस?" रागात होते तरी हसू आलं.

आक्काचं घर नारळी-पोफळीच्या वाडीत. भर दुपारी गारवा, पायाखाली पाटाचं पाणी, आणि मागं समुद्राचा आवाज. आक्का सत्तरी ओलांडलेली, बारकीशी, काटक. तळलेले बांगडे, तिरफळाची आमटी, तांदळाची भाकरी. "खा गो बाय, घाटावर असलं मिळत नाय तुला," म्हणत पानात बांगडे टाकत राहिली. जेवण झाल्यावर आम्ही सगळे पडवीतल्या झोपाळ्यावर. आता मला नीट बसता यायला लागलं होतं.

विषय मीच काढला. सुनंदानं चिमटा काढला तरी काढला. शाळा, झोळी, खिडकी, सगळं सांगितलं. भाऊ म्हणाले, "आक्का, तू लक्ष नको देऊस, ताईंना फार राग आलाय."

आक्का हसायला लागली. "अरे, मी पण अशीच शाळा शिकले की!"

"म्हणजे?" मी विचारलं.

"ह्याला घेऊन." तिनं भाऊंच्या गुडघ्यावर थाप मारली. "आई भाताच्या लावणीला जायची, नायतर लोकांच्या कामाला. ह्याला कोण सांभाळणार? माझ्या कडेवर. मास्तर म्हणायचे, पोर घेऊन आत नाय यायचं. मग मी व्हरांड्यात, खिडकीखाली. आणि हा मेला रडका! रडला की उठायचं, पटांगणाच्या टोकाला आंब्याखाली जायचं, गप झाला की परत. आंबा आहे का रे तो अजून?"

भाऊ म्हणाले, "आहे."

परवाच तर बघितला होता मी तो आंबा.

आक्का सांगत होती, मजेत सांगत होती, तेच मला जास्त लागत होतं. "एक गलबताचा धडा होता. वादळ सुटलं, डोलकाठी मोडली, गलबत खडकाकडं चाललं, आणि हा रडला. आंब्याखालून परत आले तर मास्तर गणितं घालत होते. ती माणसं वाचली की बुडाली, मला आजतागायत माहीत नाय. मग दुसरीतच काढली मला. पुढं हा शाळेत जायला लागला तेव्हा ह्याला विचारलं, तर तोवर पुस्तक बदललं होतं."

"मला हे कधी बोलली नाहीस," भाऊ म्हणाले.

"तू विचारलंस कधी?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही मुंबईला नोकरी केलीत, समितीचे अध्यक्ष झालात, ते हिच्या कमरेवर बसून."

"तो काळ वेगळा होता ताई."

"काय वेगळा रे?" आक्का म्हणाली. अजूनही हसत होती, पण आवाज बदलला होता. "आंबा तोच. व्हरांडा तोच. पोर कडेवर, पोरगी भायेर. वेगळं काय झालं, मला सांग तरी."

आक्कानं मला विचारलं, "केवढा आहे तो पोरगा?" मी म्हटलं, दीडेक वर्षाचा. ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, सुनेला काहीतरी सांगितल्याचं ऐकू आलं, आणि ती पिशवीत दोन लुगडी भरून बाहेर आली.

"चला."

"कुठं?" भाऊ म्हणाले.

"माहेरी. बहिणीला नेत नायस का?"

परतीच्या फेरीबोटीत भाऊ गाडीत बसले नाहीत. कठड्याला धरून पाण्याकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, जावं आणि काहीतरी बरं बोलावं. गेले नाही. म्हटलं, बसू दे थोडं टोचत.

सोमवार: परत व्हरांड्यात

सोमवारी सकाळी भाऊंनी आम्हाला गाडीतनं खाणीवर नेलं. स्वतः मात्र स्टिअरिंग सोडलं नाही. शांतव्वा कामाला निघाली होती, रेणुका चुलीपुढं. गणवेश घातला नव्हता. आक्कानं सरळ मल्लूला उचललं.

"रडतो तो," शांतव्वा म्हणाली.

"रडू दे. रडणारी पोरं सांभाळायची सवय आहे मला. एक तो गाडीत बसलाय." मग रेणुकाला म्हणाली, "काय बघत्येस गो? कपडे कर."

शांतव्वानं आक्काकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हातातली पाटी खाली ठेवून पोरीच्या वेण्या घालायला बसली. वर मुकादम हाका मारत होता. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शाळेत पोचलो तर प्रार्थना संपली होती. रेणुका व्हरांड्यात आली आणि सवयीनं खिडकीकडं वळली. मी म्हटलं, "अगं, तिकडं कुठं? दार इकडं." तिनं एकदा रिकाम्या कडेला हात लावला, आणि आत गेली. पहिल्या रांगेत एका पोरीनं सरकून जागा दिली. भाऊ मागं उभे होते. मी म्हटलं, आता तरी म्हणतील, बांधा ती झोळी. ते म्हणाले, "समिती होऊन जाऊ दे ताई, मग बघू."

गुरुजी खुर्ची घेऊन धावत आले. "आक्का, आत बसा ना. मी सांगतो सगळ्यांना. पोर मांडीवर असू दे, काही होत नाही."

"नको रे बाबा," आक्का म्हणाली आणि खिडकीखाली फरशीवर बसली, पाठ भिंतीला, मल्लू मांडीत. जागा शोधावी लागली नाही तिला. "मला इथनंच बरं ऐकू येतं."

लोक मला म्हणतात, वा, किती छान झालं. कसलं डोंबलाचं छान? एक पोरगी आत बसावी म्हणून सत्तरी उलटलेल्या बाईनं पुन्हा त्याच भिंतीला पाठ लावायची? एक झोळी बांधायला एवढा मोठा गाव कमी पडला? परवा सुनंदाचा फोन आला होता. समिती येऊन गेली. आक्का मल्लूला घेऊन व्हरांड्यात बसलेली बघून साहेब लोक खूश झाले, गावाचा सहभाग म्हणून तिचा फोटो काढून नेला. झोळी अजून बांधलेली नाही. शिमगा झाला की आक्का परत जाणार. घरी सुनेचं बाळंतपण आहे. त्यानंतर काय, असं मी भाऊंना फोन करून विचारते, रोज विचारते. आता ते फोन सुनंदाकडं देतात. मीही सोडणार नाही, खुशाल कंटाळू देत.

त्या सोमवारी मला दुपारची गाडी होती. शाळेतनंच निघायचं म्हणून मी आक्काशेजारी पायरीवर बसून राहिले. आत गुरुजी धडा वाचत होते, मधाचं पोळं काढायला रानात गेलेल्या दोन भावांचा. आक्काचे ओठ हलत होते. मध्येच मल्लूनं भोकाड पसरलं. मी म्हटलं, "द्या माझ्याकडं." पण ती तोवर उठलीसुद्धा होती, पायऱ्या उतरून पटांगणाच्या टोकाला आंब्याखाली.

घंटा झाली. रेणुका पळत बाहेर आली आणि मल्लूला घ्यायला हात पुढं केले. आक्कानं त्याला दिलं नाही.

"थांब गो. धाकटा खड्ड्यात पडला, तिथवर मी ऐकलं. मग हा रडला. परत आले तर दोघं घरी बसून मध खात होते. तो वर कसा आला?"

भाऊ गेटपाशी गाडीत हॉर्न वाजवत होते. मग वाजवायचे थांबले. रेणुका आक्काच्या शेजारी फरशीवर बसली, आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, मधलं काही न गाळता.